भिंतीवरची भाजी : रोप लावायला पैसा मिळतो, पाणी घालायला कोण देणार?

आपल्या शहरांत अलीकडे एक नवे दृश्य दिसते. उड्डाणपुलाच्या खांबांना, मेट्रोच्या खांबांना, सरकारी कचेऱ्यांच्या दर्शनी भिंतींना काळे कप्पे लावतात आणि त्या कप्प्यांत शोभेची रोपे लावतात. त्याला व्हर्टिकल गार्डन म्हणतात. आपण उभी बाग म्हणू. उद्घाटन होते, फोटो निघतात. पहिला उन्हाळा संपेपर्यंत निम्मे कप्पे वाळलेले असतात, कारण वरच्या नळीतले पाणी कधीच बंद पडलेले असते. आमच्या भागातल्या अशाच एका खांबाखाली आम्ही काही बायका बसची वाट पाहत उभ्या होतो. त्यातली एक म्हणाली, "एवढ्या कप्प्यांत मेथी लावली असती तर?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

सार्वजनिक भिंतीवर सार्वजनिक पैशाने झाडे लावता येतात, हे तर सिद्धच झाले आहे. मग ती झाडे खाण्याची का नसावीत? आणि खाण्याची असली तर त्यांना वर्षभर जगवण्याचा पैसा कुठून आणायचा? या महिन्याच्या आरोग्य पानावर आपण हेच पाहू. जगात काही शहरांनी हे करून पाहिले आहे. त्यांच्याकडून काय घ्यायचे आणि काय सोडून द्यायचे, तेही पाहू.

आधी रक्ताचा हिशेब

आम्ही नर्सिंगची वर्षे वॉर्डात काढली. बाळंतपणाला आलेल्या बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहायची, ती पांढरी दिसली की पुढचे सगळे कळायचे, हे रोजचेच होते. आता वस्तीत काम करतानाही तेच दिसते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के आहे. म्हणजे दहातली सात लेकरे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात मोठ्या माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात आणि त्यांपैकी १०० ग्रॅम पालेभाजी असावी, असे सांगितले आहे. पाच माणसांच्या घरात रोज अर्धा किलो पालेभाजी! पावसाळ्यात जुडीचा भाव चढतो तेव्हा वस्तीतल्या किती घरांत हे होते, ते आपणच मनाशी मोजा. भात, डाळ आणि बटाटा यांवर दिवस निघतो, आणि जुडी परवडली तरी ती नवऱ्याच्या आणि मुलांच्या ताटात जाते. बाईच्या वाट्याला पातेल्याचा तळ येतो.

पण इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भिंतीवरची भाजी हे रक्तवाढीचे औषध नाही. १०० ग्रॅम पालकात साधारण ३ मिलिग्रॅम लोह असते. बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरलेली आहे. शिवाय पाल्यातले लोह शरीर पूर्ण घेत नाही. म्हणून आशाताईने दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करून कोणी "आम्ही आता भाजी खातो" म्हणू लागली तर तिचे नुकसान होईल. पालेभाजी देते ते वेगळे. फोलिक ॲसिड, डोळ्यांसाठी अ जीवनसत्त्व, चोथा, आणि रोजच्या ताटाला वैविध्य. गोळी आणि भाजी, दोन्ही हव्यात. सार्वजनिक भाजीबागेसाठी पैसे मागायला जाताना आपण खोटे आश्वासन देऊ नये, म्हणून हे आधीच लिहिले.

गावकुसाची भिंत आणि १०१ टोमॅटो

पश्चिम जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी आंडरनाख नावाचे सुमारे ३० हजार वस्तीचे जुने गाव आहे. त्याला मध्ययुगातला तट आहे, पडका किल्ला आणि त्याचा खंदक आहे. २०१० साली तिथल्या नगरपालिकेने ठरवले की सार्वजनिक जागेत फुलांऐवजी खायच्या वनस्पती लावायच्या. लुट्झ कोसाक आणि हाइके बोमगार्डन ही या कामामागची दोन नावे. पहिल्या वर्षी जुन्या भिंतीलगत टोमॅटोचे १०१ प्रकार लावले. पुढच्या वर्षी घेवड्याच्या शेंगांचे १०० प्रकार, त्याच्या पुढच्या वर्षी कांद्याचे. आणि पाटी लावली : "तोडायला परवानगी आहे." जर्मनीतल्या बागांत एरवी "आत येण्यास मनाई" अशी पाटी असते, हे ध्यानात घ्या.

गावकूस हा शब्द आपल्या घरांत कसा ऐकला जातो, हे सांगायला नको. भिंतीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवायला तो उभा असायचा. आंडरनाखच्या लोकांनी तसल्याच जुन्या भिंतीला वेल चढवला आणि जाणारा-येणारा कोणीही तोडून न्यावे, असे सांगितले. आम्हाला त्यांचा हा निर्णय टोमॅटोच्या संख्येपेक्षा मोठा वाटतो.

सुरुवातीला तिथेही शंका होत्याच. लोक एका रात्रीत सगळे ओरबाडून नेतील, पोरे नासधूस करतील, कुत्री घाण करतील. पण नासधूस फारशी झाली नाही. जे आपले आहे आणि उद्याही मिळणार आहे, ते माणूस सहसा मोडत नाही.

आता मुद्द्याचे, म्हणजे पैशाचे. आंडरनाखने यासाठी फार मोठा नवा निधी आणला नाही. पूर्वी नगरपालिका चौकाचौकांत हंगामी फुले लावायची. ती वर्षातून दोन-तीनदा उपटून नवी लावावी लागत आणि त्यावर बराच खर्च होई. त्या जागी वर्षानुवर्षे टिकणारी झाडे आणि भाज्या आल्या आणि देखभालीचा खर्च उतरला. फुलांचा पैसा भाजीकडे वळला. राबणारे हात कोणाचे? बरेच दिवस काम नसलेल्या माणसांना रोजगाराच्या योजनेतून इथे कामाला लावले, त्यांच्यावर एक जाणकार माळी नेमला. म्हणजे बागेचा पैसा बाग खात्याकडून आणि मजुरीचा पैसा रोजगार खात्याकडून. एकाच कामावर दोन खिसे उघडले.

मोठा बाहेरचा निधी आला तो पुढे. २०१८ साली युरोपीय संघाच्या संशोधन निधीतून "खाद्य शहरांचे जाळे" असा प्रकल्प सुरू झाला. बर्लिनचे हुंबोल्ट विद्यापीठ त्याचे समन्वयक होते. ऑस्लो, रॉटरडॅम या शहरांबरोबर आंडरनाखही त्यात होते. क्रम लक्षात ठेवा. आधी आठ वर्षे भाजी पिकली, मग मोठे पैसेवाले आले. कागदावरच्या बागेला कोणी पैसे देत नाही, हातात जुडी दाखवावी लागते.

पैसे न मागणारे गाव

इंग्लंडमध्ये टॉडमॉर्डन नावाचे साधारण १५ हजार वस्तीचे गाव आहे. २००८ साली पॅम वॉरहर्स्ट, मेरी क्लिअर आणि त्यांच्या मैत्रिणींनी तिथे सार्वजनिक जागेत भाजी लावायला सुरुवात केली. रेल्वे स्थानकावर, पोलीस चौकीसमोर, कालव्याच्या कडेने. आम्हा नर्सेसना आवडेल अशी गोष्ट म्हणजे तिथल्या नव्या आरोग्य केंद्राच्या भोवती शोभेची काटेरी झुडपे होती. ती काढून तिथे फळझाडे आणि औषधी वनस्पती लावल्या. त्यांचे तत्त्व होते की सरकारी अनुदानाची वाट पाहायची नाही. देणग्या आणि लोकांचे श्रम यांवरच चालवायचे.

हे मन प्रसन्न करणारे आहे. तरीही ते जसेच्या तसे उचलून आपल्या वस्तीत आणायला आम्ही तयार नाही, आणि त्याचे कारण सरळ आहे. जिथे लोकांना पेन्शन आहे, संध्याकाळ मोकळी आहे, तिथे श्रमदान चालते. आपल्या वस्तीत श्रमदान म्हणजे शेवटी कोणाचे श्रम? चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईचे. ती पहाटे नळावर उभी राहते, घरचे पाणी भरते, आणि वर बागेलाही पाणी घालते. त्याला सेवा म्हणायचे आणि तिच्या हातावर काही ठेवायचे नाही, हा फुकटचा सौदा आहे. बाईच्या रक्तासाठी केलेली बाग तिच्याच अंगातली शक्ती खाणार असेल तर ती न केलेली बरी. म्हणून निधी मागताना पहिली ओळ मजुरीची लिहा, रोपांची नंतर.

पोत्यातली बाग

आता उभ्या बागेकडे येऊ. ती तीन तऱ्हेने करता येते.

पहिली तऱ्हा वेलाची. रोप जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत, आणि वेल दोरी, जाळी किंवा बांबूवर वर चढवायचा. मायाळू, घोसाळी, दोडका, कारली, तोंडली, वाल हे सगळे याच जातीचे. आपल्या आज्या झोपडीच्या छपरावर भोपळ्याचा वेल सोडत, तीही उभी बागच होती. यात खर्च सर्वांत कमी.

दुसरी तऱ्हा पोत्याची. केनियाची राजधानी नैरोबी इथे किबेरा नावाची मोठी झोपडवस्ती आहे. २००७ च्या निवडणुकीनंतर तिथे दंगली उसळल्या, माणसे बेघर झाली, अन्नाचे हाल झाले. त्यानंतर २००८ मध्ये सॉलिडारिते या फ्रेंच मदतसंस्थेने नैरोबीच्या वस्त्यांत पोत्यातली बाग पसरवली. रिकाम्या पोत्यात माती आणि खत भरायचे आणि मध्यभागी खालपासून वरपर्यंत दगडगोट्यांचा खांब ठेवायचा, म्हणजे वरून ओतलेले पाणी तळापर्यंत मुरते. रोपे वरच्या तोंडाशीही लावायची आणि पोत्याच्या अंगाला भोके पाडून त्यांतही लावायची. बसायला लागते तेवढ्या जागेत काही डझन रोपे मावतात. तिथे मुख्यतः लावतात ती "सुकुमा विकी" नावाची पालेभाजी. या नावाचा अर्थ "आठवडा ढकलणारी". पगार संपला तरी जी भाजी आठवडा पुढे ढकलते, ती. हे नाव कोणत्याही वस्तीतल्या बाईला समजावून सांगावे लागणार नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी केनियातल्या सहकाऱ्यांबरोबर किबेरातल्या या पोत्यांचा अभ्यास केला आणि २०१३ साली तो प्रसिद्ध केला. पोती लावणाऱ्या घरांना अन्नाचा आधार वाटला. शेजाऱ्यांमध्ये देवाणघेवाण वाढली. संशोधकांनी मातीतल्या आणि पाल्यातल्या जड धातूंचीही तपासणी केली, त्याबद्दल पुढे लिहितो. पोत्याचा आणखी एक गुण असा की जागेचा सातबारा लागत नाही. वस्ती हलवण्याची वेळ आली तर पोतेही हलते.

पण किबेरात पाणी विकत घ्यावे लागते. वीस लिटरच्या कॅनचे पैसे मोजावे लागतात. रोपे फुकट मिळाली तरी बाग फुकट होत नाही, ती पाण्याच्या पैशावर जगते.

तिसरी तऱ्हा कप्प्यांची. लोखंडी सांगाडा, त्यावर कापडी किंवा प्लास्टिकचे कप्पे, मोटार, नळ्या, वेळ लावलेले ठिबक. दिसायला सर्वांत देखणी आणि खर्चाला सर्वांत जड. वीज गेली किंवा मोटार बिघडली की उन्हाळ्यात दोन दिवसांत रोपे माना टाकतात, कारण कप्प्यात माती मूठभर असते. मेक्सिको शहरात २०१६ पासून "व्हिया व्हेर्दे" नावाने मोटाररस्त्याच्या हजाराहून अधिक खांबांना अशी हिरवी वस्त्रे चढवण्याचे काम सुरू झाले. खर्च खासगी कंपन्यांनी करायचा आणि बदल्यात काही खांबांवर जाहिराती लावायच्या, असा व्यवहार होता. टीका करणाऱ्यांनी विचारले की एवढ्या पैशात जमिनीवर झाडे किती लावता आली असती? आणि ही हिरवळ चालणाऱ्या माणसासाठी आहे की मोटारीत बसलेल्यासाठी? त्या खांबांवर खायचे काही नव्हते.

आमचे मत स्पष्ट आहे. वस्तीतल्या सार्वजनिक भाजीबागेला पहिली आणि दुसरी तऱ्हा पुरे. कोणी कंपनी तिसरी तऱ्हा फुकट देऊ म्हणाली, तर पुढच्या तीन वर्षांचे वीजबिल आणि दुरुस्ती कोण देणार, हे लेखी मागा. लेखी मिळाले नाही तर आभार मानून परत पाठवा.

निधीचे तीन खिसे

कोणत्याही बागेला तीन खर्च असतात. उभारणीचा, चालवणीचा आणि माणसाचा. उभारणी म्हणजे जाळी, बांबू, पोती, माती, ड्रम, नळजोडणी. चालवणी म्हणजे पाणी, खत, बी, बदलायची पोती. माणूस म्हणजे रोज दोन-तीन तास हात लावणारी व्यक्ती. आपल्याकडे पैसा मिळतो तो बहुधा पहिल्याला, कारण पहिल्याचे उद्घाटन होते. दुसऱ्या-तिसऱ्याचे होत नाही. खांबावरच्या बागा वाळतात त्या इथेच.

साधा हिशेब करू. चाळीस पोती धरली आणि उन्हाळ्यात एका पोत्याला दिवसाला ५ लिटर पाणी धरले, तर रोज २०० लिटर होते. म्हणजे एक मोठा ड्रम. महिन्याला ६ हजार लिटर. ज्या वस्तीत पिण्याचे पाणी दिवसातून तासभर येते, तिथे हा ड्रम कुठून भरायचा, हे ठरल्याशिवाय एकही पोते भरू नये. विहाराच्या, शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या छपरावरचे पावसाचे पाणी साठवता येईल, पण ते उन्हाळ्याला पुरत नाही. म्हणून अर्जात नळजोडणी आणि पाणीपट्टीची माफी, दोन्ही मागायची.

आता कोणत्या दारात जायचे ते पाहू.

खासदार निधीतून प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात आणि त्यातली किमान १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या वस्तीसाठी असावी, असा नियम आहे. हा पैसा टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेला मिळतो. म्हणजे पाण्याची टाकी, चौथरा, लोखंडी जाळी यांसाठी तो मागता येतो. बी, खत आणि मजुरीसाठी नाही. हा उभारणीचा खिसा.

महापालिका आणि नगरपालिकांनी अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के तरतूद ठेवायची असते. ती शिलाई मशीन आणि सहली यांतच संपू द्यायची का, हे वस्तीतल्या बायकांनी विचारायला हवे. बागेतल्या बाईचे मानधन, बी, खत, प्रशिक्षण हे या दारातून मागा. पुणे महापालिका २००६ पासून पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते. पुण्यातल्या वाचकांनी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन या वर्षीची मुदत विचारावी.

शाळेचे दार विसरू नका. शाळेच्या आहार योजनेत, म्हणजे आताच्या पीएम पोषणमध्ये, शाळेत पोषणबाग करण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने २०१९ मध्ये काढल्या आहेत. शहरात जमीन नसेल तर डबे, कुंड्या, पोती वापरा असेच त्यात सांगितले आहे. म्हणजे महापालिका शाळेच्या भिंतीवर पोती लावायला सरकारी आधार आधीपासूनच आहे. शाळेत पाणी असते, कुंपण असते, आणि भाजी थेट खिचडीत जाते. पहिली बाग इथेच करावी असे आम्हाला वाटते.

कंपन्यांचा सामाजिक निधी हे चौथे दार. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठराविक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. कुपोषण, आरोग्य, झोपडवस्तीचा विकास हे विषय त्यात बसतात. पण पैसा घेणारी संस्था नोंदणीकृत हवी आणि एप्रिल २०२१ पासून तिची सीएसआर-१ या नमुन्यात नोंद हवी. वस्तीतल्या मंडळाची तेवढी कागदपत्रे नसतील तर नोंदणी असलेल्या विश्वासू संस्थेमार्फत जा. जाताना लेखी करार करा. भिंतीवर कंपनीची पाटी किती मोठी असेल, हेही त्यात लिहा. नाहीतर पाटी पोत्यांपेक्षा मोठी होते.

आंडरनाखची युक्ती इथेच उपयोगी पडते. आपल्या वॉर्डात दुभाजकावरच्या फुलांवर आणि खांबांवरच्या कप्प्यांवर गेल्या वर्षी किती खर्च झाला, ते माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज आहे, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही माफ. तो आकडा हातात आला की मागणी बदलते. आपण नवे पैसे मागत नाही. शोभेला जाणाऱ्या पैशातला एक वाटा खाण्याकडे वळवा, एवढेच म्हणतो.

अर्जात काय लिहावे

एका पानात मावेल इतकेच लिहा. जागा कोणती आणि कोणाच्या मालकीची. भिंत कोणत्या दिशेला, ऊन किती तास. पाणी कुठून. पोती किती, वेल किती. रोज काम करणारी कोण आणि तिला महिन्याला किती. तीन वर्षांचा खर्च वेगवेगळा, एक वर्षाचा नाही. आणि शेवटी मोजणार काय, तेही. दर आठवड्याला किती जुड्या निघाल्या, कोणत्या घरांना गेल्या, हे वहीत लिहा. अंगणवाडीताई आणि परिचारिका यांच्या मदतीने गरोदर बायकांचे हिमोग्लोबिन नेहमीच्या तपासणीत नोंदले जातेच. ते वाढले तर श्रेय गोळ्यांचे की भाजीचे, यावर वाद घालू नका. दोन्ही पोटात जात आहेत ना, ते पाहा.

वाटणीचा नियमही आधी ठरवा. आंडरनाखमध्ये कोणीही तोडतो, कारण तिथे कोणी त्या भाजीवर अवलंबून नाही. चाळीस पोत्यांतून शंभर घरांची रोजची भाजी निघणार नाही. म्हणून पहिला वाटा गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांचा, दुसरा अंगणवाडीतल्या मुलांचा, उरेल ते ज्याला हवे त्याला. हा नियम पाटीवर लिहा. पाटी नसली की भाजी ज्याचा आवाज मोठा त्याच्या घरी जाते.

नर्सची सूचनावही

रस्त्याच्या अगदी कडेला पालेभाजी लावू नका. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण जुन्या रस्त्याकाठच्या मातीत शिसे राहते. बॅटऱ्या फोडण्याचे, भंगाराचे, रंगाचे काम जिथे चालते तिथली माती मुळीच घेऊ नका. किबेरात संशोधकांनी धातू तपासले ते याचसाठी. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. पाला धूळ आणि धातू जास्त धरतो, वेलाची फळे कमी. म्हणून रस्त्याकडे घोसाळी, दोडका आणि आतल्या बाजूला पालक, माठ, चुका, मेथी.

गटाराचे पाणी कधीही घालू नका. जंत, टायफॉइड, हगवण पाल्यावर बसून घरात येतात. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेले पाणी चालते, कपड्यांचे साबणाचे पाणी नको. केमिकलचे जुने ड्रम स्वस्त मिळतात, ते पाण्यासाठी घेऊ नका.

पाण्याचा ड्रम झाकलेला हवा, कापडाने बांधलेला. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एक दिवस ड्रम रिकामा करून घासायचा. बाग करून डेंग्यू आणला असे व्हायला नको.

ओल्या मातीने भरलेले मोठे पोते पन्नास किलोच्या वर जाते. ते पत्र्यावर किंवा कच्च्या भिंतीवर टांगू नका, जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवा.

भाजी तीन पाण्यांनी धुवा, शिजवा, वर लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने पाल्यातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. निदान तासभर थांबा. रक्त पातळ करण्याच्या काही गोळ्यांबरोबर पालेभाजी अचानक वाढवणे धोक्याचे असते. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तरीही डॉक्टरांना आधी विचारा.

पाण्याचा एक ड्रम

या सगळ्याचे सार एका ड्रमात आहे. जर्मनीतले गाव टिकले कारण माळी आणि मजूर यांचा पगार ठरलेला होता. खांबावरच्या बागा वाळतात कारण त्या कोणाच्याच कामाच्या यादीत नसतात. आपल्या वस्तीत भिंतींची कमतरता नाही. विहाराची आहे, शाळेची आहे, दवाखान्याची आहे. पोती आहेत, हात आहेत, आणि आज्यांना कोणती भाजी कधी लावायची हेही ठाऊक आहे. नाही तो रोजचा २०० लिटरचा ड्रम आणि तो भरणाऱ्या बाईचा महिन्याचा पगार.

तेवढ्यासाठी येत्या अंदाजपत्रकाच्या आधी दहा बायकांनी एकत्र बसून एक पान लिहावे, सह्या कराव्यात आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये. दरम्यान शाळेच्या भिंतीशी पाच पोती लावून मायाळू आणि माठ वाढवायला सुरुवात करावी. साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवताना शेजारी एक ताजी जुडीही ठेवता येईल.